चूक दाखविण्याचा अधिकार : पैनगंगेच्या अलीकडून एक टिपण

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडून थोडे पुढे गेले की उमरखेड, म्हणजे विदर्भ लागतो. आज या नदीला जिल्ह्याची हद्द यापलीकडे फारसा अर्थ उरलेला नाही. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत नदीच्या दोन तीरांवर दोन राजवटी होत्या. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, आणि पलीकडे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. कागदोपत्री वऱ्हाडचा धनीही निजामच होता, हा इतिहासाचा एक विनोद. तो तूर्त बाजूला ठेवू.

साहित्याच्या अभ्यासकाला या सीमारेषेत रस वाटावा असे एक कारण आहे. नदीच्या अलीकडे 'गश्ती निशान ५३' या नावाने ओळखला जाणारा हुकूम लागू होता. सरकारी परवानगीशिवाय जाहीर सभा भरविता येत नसे. या हुकुमाची चर्चा नेहमी राजकीय चळवळीच्या संदर्भात होते आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र त्याच्याविषयी जरा वेगळा प्रश्न पडतो. दहा माणसांनी एकत्र बसण्यालाच जेथे संशयाने पाहिले जाते, तेथे कवी, गायक, लेखक एकमेकांना आपली अपुरी, कच्ची रचना कोठे दाखवीत असतील? कला एकांतात सुचते हे खरे, पण ती सुधारते ती दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्यावर. तो दुसरा कोण, आणि त्याला बोलण्याची मुभा कितपत, यावर त्या कलेचे पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द हैदराबादच्या दरबारात होते. उर्दू काव्यात 'इस्लाह' नावाची जुनी रीत आहे. शागिर्दाने आपली गझल उस्तादापुढे ठेवायची. उस्तादाने शब्द बदलायचा, मिसरा फिरवायचा, कधी संपूर्ण शेरच काटायचा. गालिबने मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' या आपल्या शिष्याला लिहिलेल्या पत्रांतून ही रीत कशी चालत असे ते आजही पाहता येते. 'दाग' देहलवी हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत येऊन स्थिरावले आणि सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खानाचे, काव्यगुरू झाले. 'आसिफ' या नावाने लिहिणारा हा राजा आपल्या गझला दागांकडून दुरुस्त करून घेत असे. पंजाबातून तरुण इक्बालही आपल्या गझला टपालाने दागांकडेच पाठवीत, आणि काही काळाने 'आता दुरुस्तीला जागा उरलेली नाही' अशा अर्थाचा निरोप दागांनी त्यांना दिला, ही आख्यायिका उर्दू वाचकांच्या परिचयाची आहे. १९०५ मध्ये दाग हैदराबादेतच वारले. पुढे सातवा निजाम उस्मान अली खान हाही कविता करी आणि त्याचे उस्ताद होते जलील मानिकपुरी.

म्हणजे पाहा : ज्या राजाच्या राज्यात प्रजेला सभा भरविण्यासाठी परवानगी काढावी लागे, तो राजा स्वतः आपल्या ओळी दुसऱ्याच्या हाती देऊन त्यातल्या चुका निमूटपणे काढून घेत होता. सिंहासनावर कोणी शब्द उच्चारायचा नाही, आणि मिसऱ्यावर मात्र उस्तादाचे कलम बेलाशक चालायचे. या विसंगतीकडे आम्ही केवळ गंमत म्हणून पाहत नाही. इस्लाहच्या रीतीची थोरवी आणि तिची मर्यादा या दोन्ही तीत एकत्र दिसतात. थोरवी अशी की, काव्याच्या प्रांतात जन्माचा आणि हुद्द्याचा अधिकार चालत नाही, हे तिने राजालाही मान्य करावयास लावले. मर्यादा अशी की, ही दुरुस्ती वरून खाली वाहणारी आणि खाजगी होती. शागिर्दाने उस्तादाच्या शेराला हात लावावा ही कल्पनाच तीत बसत नव्हती. मुशायऱ्यात दाद चारचौघांत मिळे. चूक मात्र बंद दाराआड सांगितली जाई.

मराठवाड्यातील मराठी तरुणांना ही रीत अपरिचित नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. लातूरकडच्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी पुढे गालिब आणि एकूण उर्दू काव्य मराठी वाचकांच्या परिचयाचे करून दिले, त्यामागे हाच संस्कार होता. पण हदगावसारख्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला उस्ताद कोठून मिळणार? त्याच्या वाट्याला आली ती दुसरी शाळा : भजनाची.

भजनी मंडळाला आपण भक्तीच्या खात्यात टाकून मोकळे होतो आणि कलेच्या इतिहासात त्याची नोंद करीत नाही. पण रात्री देवळात टाळ-मृदंग घेऊन बसलेल्या मंडळाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. पेटीवर बसलेला जाणता असतो, मृदंगाला हात असलेला एखादाच असतो, आणि टाळ घेऊन कडेला बसलेला पोरगा काल-परवा आलेला असतो. सगळे एकाच ओळीत. पोराचा ताल सुटला तर त्याला थांबवून व्याख्यान दिले जात नाही. शेजारचा आपला टाळ जरा दाबून वाजवितो, किंवा नुसती मान हलते. चूक दाखविली जाते ती गाणे न थांबविता. वारकरी कीर्तनात तर याहून विलक्षण गोष्ट घडते. पुढे उभा असलेला बुवा प्रमाण म्हणून एखाद्या अभंगाचे चरण काढतो, आणि मागचे टाळकरी ते उचलतात. बुवांना चरण आठवला नाही, किंवा चाल भलत्याच पट्टीत गेली, तर मागची ओळ ती सावरते. व्यासपीठावरच्या मुख्य माणसाची चूक त्याच्यामागे उभा असलेला, नाव नसलेला टाळकरी दुरुस्त करतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. उस्तादाच्या घरी जे अशक्य होते ते येथे रोजचे होते. शिवाय भजनाला सहसा कोणी सभा म्हणत नसे.

अर्थात या ओळीचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ओळ एक होती, पण ती सर्वांसाठी नव्हती. देवळाच्या पायरीशी ज्यांना थांबावे लागे त्यांची भजने वेगळ्या वस्तीत चालत. पुढे आंबेडकरी जलसे आणि गायन पार्ट्या यांनी भजनाचाच साचा घेतला, ढोलकी-पेटी तीच ठेवली आणि आशय पालटला. वामनदादा कर्डकांसारखा कवी गावोगाव फिरला, लोकांच्या घरी राहिला, आणि त्याची गाणी छापील पुस्तकाआधी गाणाऱ्यांच्या तोंडी पोचली. लोकांच्या तोंडी बसले नाही ते गाणे मागे पडे. त्या परीक्षेला दुसरी गुणपत्रिका नव्हती.

लिहिणाऱ्यांची गोष्ट याहून अवघड होती, कारण लेखन हे ओळीत बसून होत नाही. पुण्याला १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे, दिवाकर ही मंडळी एकत्र बसून एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत आणि एकत्रच छापीत. विद्यार्थ्यांना हे सर्व पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते, म्हणून येथे अधिक लिहीत नाही. एवढेच नोंदवितो की, फारसीच्या व्यासंगामुळे माधव जूलियनांना उर्दू-फारसी काव्याची शिस्त ठाऊक होती आणि गझल मराठीत रुजविण्याचा प्रयत्नही त्यांनीच केला. पण शिकण्याची पद्धत म्हणून मंडळात उस्ताद-शागिर्दाचे नाते आले नाही. बरोबरीच्या माणसांनी बरोबरीने बोलायचे, असा हा प्रयोग होता. त्याची उणीव अशी की, वर्तुळ लहान होते आणि एकमेकांवर खूष होते. ते आतून कोणी सांगितले नाही. ते सांगायला बाहेरून आचार्य अत्रे यावे लागले. १९२५ च्या 'झेंडूची फुले'तील विडंबने ही त्या काळच्या कवितेवरची सर्वांत परिणामकारक समीक्षा ठरली. आपसांतली मैत्री जे बोलू शकत नाही ते विडंबनकाराला बोलावे लागते!

त्याच काळात गोदावरीच्या खोऱ्यात काय होते? बी. रघुनाथ होते. १९१३ साली जन्मलेला, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करणारा, कविता, कथा आणि कादंबरी तिन्ही लिहिणारा हा लेखक १९५३ मध्ये परभणीला वारला, वय चाळीस. त्यांच्या लेखनातील असमानता समीक्षकांनी दाखविली आहे. आम्ही ती नाकारीत नाही. पण पुण्यातील कवीला आठवड्याला मिळणारे कान रघुनाथांना कितीसे मिळाले असतील? निजामी नोकरी, दूरचे प्रकाशक, आणि आपल्या तोडीचे बोलणारे थोडे. 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी लिहिणाऱ्याला हस्तलिखितावर भांडणारे चार मित्र मिळाले असते तर, हा प्रश्न इतिहासात विचारायचा नसतो हे आम्हांस कळते. तरीही तो मनातून जात नाही.

१९४३ मध्ये नांदेडला निजाम राज्यातील मराठी साहित्य परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पोलीस कारवाईनंतर, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ. परिषदेचे 'प्रतिष्ठान' हे मासिक निघू लागले. आता मराठवाड्यात लिहिणाऱ्याला निदान 'साभार परत' येण्याची सोय झाली. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. ज्या प्रदेशात लेखन परत पाठविणाराही कोणी नव्हता, तेथे परत आलेले लेखन हीदेखील एक दखल होती.

या नव्या काळातील मध्यवर्ती माणूस म्हणजे नरहर कुरुंदकर. हदगावला लागून असलेल्या आजच्या हिंगोली जिल्ह्यात, नांदापूर येथे, १९३२ मध्ये त्यांचा जन्म झाला. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले; पुढे शाळेत शिक्षक होते आणि नंतर पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. 'रिचर्ड्सची कलामीमांसा' लिहिणारा हा माणूस नांदेडला बसून तालुक्या-तालुक्यांतून येणाऱ्या नवशिक्यांशी तासन् तास बोलत असे, याच्या आठवणी मराठवाड्यात अजून सांगितल्या जातात. कुरुंदकरांच्या प्रस्तावना प्रसिद्ध आहेत. आमचे मत जरा निराळे आहे : प्रस्तावनेने लेखक सुधारत नाही. पुस्तक छापावयास निघाल्यावर येणारी ती वस्तू. तिच्यात दोष सांगितला तरी तो वाचकाला सांगितलेला असतो, लेखकाला नव्हे. शिवाय थोर माणसाच्या प्रस्तावनेसाठी हस्तलिखित घेऊन वाट पाहणारा नवा लेखक हा इस्लाहच्याच रांगेत उभा असतो.

परंतु एक प्रस्तावना अपवाद आहे, आणि तिच्यासाठी आम्ही हे सारे लिहीत आलो. रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले प्रदीर्घ पत्र आहे. त्या वेळी दोघांचे स्थान काय होते ते ध्यानात घ्यावे. देसाई हे 'स्वामी'चे लेखक. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविलेले, महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे. कुरुंदकर हे नांदेडच्या एका महाविद्यालयातले, पस्तिशीतले प्राध्यापक. सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे पत्राचा ओघ उलटा असायला हवा होता : नांदेडच्या तरुणाने कोवाडच्या नामवंताला विचारायचे. येथे नामवंताने आपला विषय दुसऱ्यापुढे मांडला आणि दुसऱ्याने भीड न ठेवता आपले म्हणणे सांगितले.

आणि ते म्हणणे गोड नव्हते. शिवाजी महाराजांचे मोठेपण लढायांच्या आणि साहसांच्या संख्येत शोधू नका, असा कुरुंदकरांचा रोख आहे. राजा गेल्यानंतरही सामान्य माणसे औरंगजेबाशी वर्षानुवर्षे झुंजत राहिली. हे राज्य आपले आहे असे त्यांना वाटावे इतके त्या राजाने काय केले होते, हे त्यांच्या मते समजून घ्यायचे कोडे. ऐतिहासिक कादंबरीकाराच्या दृष्टीने ही अडचणीची सूचना आहे, कारण लढाई लिहिणे सोपे आणि लोकांच्या मनातला विश्वास लिहिणे कठीण. कादंबरीने ही सूचना कितपत पेलली? आमच्या मते पूर्णपणे नाही. पत्रातला शिवाजी आणि कादंबरीतला शिवाजी यांत अंतर राहिले आहे आणि चिकित्सक वाचकाला ते जाणवते. पण देसाईंचे मोठेपण असे की, हे अंतर जाणवेल याची पर्वा न करता त्यांनी ते पत्र आपल्याच पुस्तकाच्या दारात लावले. दुरुस्ती करणाऱ्याचे कलम बंद दाराआड न ठेवता वाचकासमोर ठेवले. आपल्या कृतीचे माप आपल्याच पुस्तकात छापून देणारे लेखक मराठीत किती निघतील?

येथे टाळकऱ्यांची ओळ आठवते. मुख्य माणूस पुढे उभा आहे, चरण मागून येत आहे, आणि ऐकणाऱ्याला दोघांचेही आवाज ऐकू येत आहेत.

कुरुंदकर १९८२ मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेले. एका माणसाभोवती जमलेले वर्तुळ त्या माणसाबरोबर विस्कटते, हा धोका तेव्हा सर्वांच्या प्रत्ययास आला. वर्तुळ माणसावर न बांधता रिवाजावर बांधण्याचा प्रयत्न त्याच सुमारास औरंगाबादेहून चालू होता. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आधी 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघाले. दलित साहित्याच्या इतिहासात त्याचे स्थान सर्वज्ञात आहे. आम्हांस त्याच्या मेळाव्यांविषयी बोलायचे आहे. सत्तरच्या दशकापासून गावोगावी भरत आलेल्या या मेळाव्याचे नाव 'लेखक-वाचक मेळावा' असे होते. संमेलन म्हटले की व्यासपीठावर लेखक आणि सतरंजीवर वाचक, ही विभागणी गृहीत असते. येथे जोडशब्दानेच दोघांना एका पातळीवर आणले. ज्याची पहिलीच कविता छापून आली आहे तो, आणि ज्याच्या आत्मकथनावर विद्यापीठात चर्चा होत आहे तो, असे दोघेही तेथे येत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी 'तुझी ओळ नीट उतरली नाही' असे ऐकणे हा अपमान नव्हता. तुझी ओळ आम्ही वाचली, असे त्यात आधीच सांगितलेले होते.

पैनगंगेपलीकडच्या विदर्भातही याच सुमारास इस्लाहने एक वेगळे वळण घेतले. अमरावतीचे सुरेश भट गझलेविषयी विचारणाऱ्या तरुणांना पत्रे लिहीत, त्यांच्या रचना तपासून देत आणि सोबत 'गझलेची बाराखडी' ही छापील पुस्तिका धाडीत. काफिया, रदीफ, वृत्त यांचे नियम एकदा छापून सर्वांच्या हाती दिले की उस्तादाची मिरास संपते. बाराखडी हाती असलेला कोणीही नवशिका खुद्द भटांच्या गझलेत सूट घेतलेली जागा शोधू शकतो; आणि पुढे मराठी गझलकारांनी ती शोधलीही. मराठी गझलेत पुढे जी तंत्रशुद्धतेची वादावादी माजली तिला पुष्कळजण कंटाळले आहेत. आम्हीही. पण ती वादावादी उघड्यावर होऊ शकली, हे त्या पुस्तिकेचे देणे आहे.

शेवटी थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी अशाच एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनाला जाण्याचा योग आला. वीस-बावीस कवी होते. शाळेतील मुलगी होती, निवृत्त गुरुजी होते, दोन संग्रह नावावर असलेले एक गृहस्थ होते. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या, प्रत्येकाला 'वाहवा' मिळाली, प्रत्येकाला शाल मिळाली. त्या मुलीच्या कवितेत दुसरे कडवे पहिल्याच्या विरुद्ध जात होते. एवढे एकच सांगितले असते तर ती कविता उभी राहिली असती. आम्हांला ते दिसले होते. आम्ही व्यासपीठावर होतो, आणि आम्ही 'छान' म्हणालो. सभा भरविण्यास आता कोणाची परवानगी लागत नाही.

परतताना गाडी एका देवळापाशी थांबली. आत सप्ताहाचे कीर्तन चालू होते. बुवांनी एक अभंग काढला आणि दुसऱ्या चरणावर ते अडले. मागून एका पोरसवदा टाळकऱ्याने, बुवांकडे न पाहता, चरण उचलला.